खसखस डब्यात, लाला अंगणात

दिवाळीची सुट्टी संपता संपता आपल्या शिरपूरकडची हवा बदलते. सोयाबीन घरी आलेले असते, तुरीवर पिवळी फुले दिसू लागतात, हरभऱ्याची पेरणी उरकत येते आणि पहाटे गोधडी अंगावर ओढावीशी वाटते. ज्या फुलांना थंडी लागते, त्यांचे बी टाकायचे दिवस हेच. झेंडू, शेवंती आपण दरवर्षी लावतो. या वेळी जरा वेगळ्या फुलाविषयी लिहिते आहे, ते म्हणजे पॉपी. रेशमी कागद चुरगळून परत उलगडावा तशा पाकळ्यांचे हे फूल अनेकींनी मोबाईलवर पाहिलेले असते आणि ते आपल्या अंगणात हवे असेही वाटत असते.

त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो. "बाजी, पॉपी म्हणजे खसखसच ना? मग घरातलीच चमचाभर खसखस कुंडीत टाकली तर?"

उत्तर आधीच सांगून टाकते. किराणा दुकानातल्या खसखशीतले काही बी उगवूही शकते. पण ते टाकू नका. एक दाणासुद्धा नको. का ते आधी समजून घेऊ, मग कोणती पॉपी लावायची आणि कशी, ते सविस्तर पाहू.

एकाच खानदानातली भावंडे

पॉपी हे एका झाडाचे नाव नाही. ते अख्खे खानदान आहे. त्यातल्या चौघांची ओळख आपल्याला पुरे.

पहिली खसखस. आपण अनारशाला लावतो, कोरम्यात वाटून घालतो, शिरखुर्म्यात टाकतो, ते बी ज्या झाडाच्या बोंडातून निघते, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक येतो, तो वाळला की अफू होते. झाड एकच. शास्त्रीय नाव पापाव्हर सॉम्निफेरम. कॅन्सरच्या रुग्णाला दिले जाणारे मॉर्फीन, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, ही औषधेही याच झाडातून येतात. म्हणून झाड वाईट नाही, पण ते कुणी, कुठे आणि किती लावायचे हे सरकार ठरवते.

दुसरी बागेतली लाल पॉपी, पापाव्हर ऱ्हीअस. युरोपात गव्हाच्या शेतात ही आपोआप उगवते. हिच्यात मॉर्फीन नसते. बागेसाठी हीच आणि हिच्यापासून तयार केलेले रंगीत प्रकार.

तिसरी कॅलिफोर्निया पॉपी. केशरी-पिवळी, बुटकी, काटक. ती याच खानदानातली, पण शाखा निराळी.

चौथी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, फक्त ती पॉपी आहे हे माहीत नसते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, पडीक रानात पिवळ्या फुलाचे, काटेरी, पांढुरक्या रेषांच्या पानांचे झुडूप असते. तोडले की पिवळा चीक निघतो. तोच पिवळा धोत्रा, कुणी सत्यानाशी म्हणतात. याचे बी मोहरीसारखे दिसते आणि ते विषारी असते. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली, तेव्हा लोकांच्या अंगावर सूज आली आणि कित्येक माणसे दगावली. मुलांना हे झुडूप दाखवून ठेवा आणि त्याला हात लावू नये हेही सांगा.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशात १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा आहे, ज्याला वर्तमानपत्रात एनडीपीएस कायदा म्हणतात. त्यानुसार परवान्याशिवाय अफूचे झाड लावणे हा गुन्हा आहे. शेतात आणि कुंडीत असा भेद त्यात नाही. लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवाना देते केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो. त्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि परवाने मिळतात ते फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतल्या शेतकऱ्यांना. नीमच, मंदसौर, चित्तोडगड, प्रतापगड ही नावे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात असा परवाना कुणालाच मिळत नाही.

२०१२ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यात शेतांमध्ये उभे असलेले अफूचे पीक पोलिसांनी पकडले आणि गुन्हे दाखल झाले. त्या बातम्या तेव्हा आपल्या विदर्भातही खूप वाचल्या गेल्या. आपण त्यातून घ्यायचे ते एवढेच की "आम्ही तर खसखशीसाठी लावले होते" किंवा "आम्हाला फूल आवडते" हे उत्तर कायद्यापुढे पुरत नाही.

मग खसखस विकत घेणे, खाणे? त्याला हरकत नाही. कायद्याने बी वगळलेले आहे. आपल्या बाजारातली बरीचशी खसखस तुर्कस्तानातून येते आणि उघडपणे विकली जाते. खाण्यासाठी डब्यात ठेवा, मातीत टाकू नका, इतकी साधी रेघ आहे.

याला जोडून एक गोष्ट, कारण आपल्यापैकी अनेक घरांतली माणसे दुबई, अबुधाबी, जेद्दाहकडे नोकरीला आहेत आणि हज-उम्र्याला जाणारेही असतात. भारतात चालणारी खसखस आखाती देशांत चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात ती अंमली पदार्थांत धरली जाते. तिथल्या विमानतळावर सामानात खसखस सापडल्यामुळे लोकांना अटक झालेली आहे. हज कमिटीच्या सूचनांमध्येही खसखस सोबत नेऊ नका असे स्पष्ट लिहिलेले असते. मुलगा, भाऊ किंवा जावई निघाला की आपण प्रेमाने मसाल्याची पुडी, अनारसे, लाडू बांधून देतो. त्यात खसखस आहे का, हे बॅग बंद करण्याआधी नक्की बघा. घरी कुटलेल्या काळ्या मसाल्यात ती वाटलेली असेल तर दिसतही नाही. शंका असेल तर ती पुडी घरीच ठेवलेली बरी.

पाकीट घेताना

आता बागेकडे येऊ. पॉपीचे बी रोपवाटिकेत, कृषी केंद्रात किंवा ऑनलाइन मिळते. अडचण अशी की ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही सुंदर नावांच्या पाकिटांत खसखशीचेच झाड असते. 'पिओनी पॉपी', 'कार्नेशन पॉपी', 'लेट्यूस-लीफ पॉपी', 'ब्रेडसीड पॉपी' ही सगळी त्याचीच नावे आहेत. फुले मोठी, भरगच्च पाकळ्यांची आणि मोह पाडणारी असतात, पण झाड तेच. ही पाकिटे घेऊ नका.

घ्यायची ती 'शर्ली पॉपी', 'कॉर्न पॉपी', 'फ्लँडर्स पॉपी' किंवा 'कॅलिफोर्निया पॉपी'. 'आइसलँड पॉपी' नावाचाही प्रकार मिळतो. तिला थंडी जास्त लागते, त्यामुळे आपल्याकडे तिचे दिवस थोडेच असतात. पाकिटावर झाडाचे शास्त्रीय नाव छापलेले आहे ना ते पाहा आणि फुले संपेपर्यंत ते पाकीट जपून ठेवा. कुणी विचारले तर दाखवायला बरे.

झाड उगवल्यावरही ओळखता येते. खसखशीचे पान मोठे, गुळगुळीत, निळसर-राखाडी, मेणाचा हात फिरवल्यासारखे असते आणि वरची पाने देठाशिवाय थेट खोडाला मिठी मारल्यासारखी बसतात. बोंड मोठे, गोल, लिंबाएवढे होऊ शकते. शर्ली पॉपीचे पान हिरवे, खोलवर कातरलेले आणि खरखरीत असते, खोडावर उभे केस असतात, बोंड अगदी छोटे. कॅलिफोर्निया पॉपीचे पान बडीशेपेच्या पाल्यासारखे बारीक, राखाडी आणि तिला बोंडाऐवजी लांबट शेंग येते. मिश्र फुलांच्या पाकिटातून कधी निळसर गुळगुळीत पानाचे रोप निघाले, तर फूल येण्याची वाट न बघता ते उपटून टाका.

लाला आणि त्याचा दाग

उर्दू शिकवताना एक शब्द वारंवार येतो, लाला. लाला-ओ-गुल, लालाजार, लाला-रुख. इक्बालांच्या 'बाल-ए-जिब्रील' या १९३५ च्या संग्रहात 'लाला-ए-सहरा' नावाची कविताच आहे. मुले विचारतात, लाला म्हणजे कोणते फूल? फारसीत हा शब्द ट्युलिपसाठी चालतो आणि इराण-अफगाणिस्तानच्या माळावर वसंतात उगवणाऱ्या लाल रानपॉपीसाठीही. लालाच्या काळजात 'दाग' असतो असे शायर म्हणतात. दाग म्हणजे काय, हे फळ्यावर समजावून सांगणे अवघड. लाल पॉपीचे फूल हातात दिले की शब्दांची गरजच राहत नाही. चार लाल पाकळ्या आणि प्रत्येकीच्या तळाशी काळा ठिपका, जणू आतून जळल्याची खूण. उर्दू-मराठी शाळांच्या बागेत हे फूल असावे असे मला वाटते ते यासाठी.

हा दाग हवा असेल तर 'कॉर्न' किंवा 'फ्लँडर्स' नावाची लाल पॉपी घ्या. 'शर्ली'त तो नसतो आणि त्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये शर्ली नावाच्या गावी विल्यम विल्क्स नावाचे पाद्री होते. १८८० च्या सुमारास त्यांना आपल्या बागेच्या कोपऱ्यात, रानपॉपींच्या गर्दीत एक वेगळे फूल दिसले. लाल पाकळीला पांढरी बारीक कड होती. त्यांनी त्या एका फुलावर खूण केली आणि त्याचे बी राखले. पुढच्या वर्षी उगवलेल्या झाडांतून मनासारखी फुले निवडली, त्यांचेच बी पुढे पेरले. वर्षानुवर्षे हेच करत राहिले. गुलाबी, पांढरी, फिक्या केशरी छटांची, काळा ठिपका नसलेली फुले तयार झाली. ना प्रयोगशाळा, ना पैसा. नीट बघण्याची सवय आणि वाट बघण्याची तयारी, एवढेच भांडवल.

माती आणि पेरणी

आपली काळी माती कापसाला छान, पण पॉपीसाठी जड आहे. पाणी दिले की चिकट होते, वाळली की भेगा पडतात आणि नाजूक मुळे तुटतात. कुंडीसाठी एक भाग काळी माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करा. अंगणात वाफा करणार असाल तर तो जमिनीपासून वीतभर उंच घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. खत बेताचेच घाला. खताने माजलेल्या पॉपीला पाने भरपूर, फुले कमी येतात आणि झाड आडवे पडते. युरियाला हात लावू नका.

जागा अशी निवडा की निदान सहा तास ऊन मिळेल. कुंडी १० ते १२ इंच खोल हवी, तळाला भोक आणि त्यावर खापरी.

पॉपीचे मूळ गाजरासारखे सरळ खाली जाते. ते एकदा दुखावले की झाड सावरत नाही. म्हणून वांगी-टोमॅटोसारखी आधी रोपे करून मग लावण्याची पद्धत इथे चालत नाही. जिथे फूल हवे तिथेच बी टाकायचे. आधी रोप करणे भागच असेल तर कागदी कपात बी टाका आणि रोप लहान असतानाच मुळाला धक्का न लावता मातीच्या गोळ्यासकट लावा.

बी इतके बारीक असते की चिमटीत शेकडो मावतात. तसेच टाकले तर एका जागी गर्दी होते. त्यापेक्षा पाव चमचा बी वाटीभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा आणि रांगोळी सोडतो तसे दोन बोटांतून भुरभुरवा. आधी माती भिजवून, हाताने सपाट करून घ्या. बी टाकल्यावर त्यावर माती घालू नका. या बियाला उगवायला उजेड लागतो. फक्त तळहाताने किंवा फळीच्या तुकड्याने हलके दाबा.

वेळ नोव्हेंबरची. महिनाअखेरपर्यंत चालते. सगळे बी एकाच दिवशी न टाकता अर्धे आता आणि अर्धे तीन आठवड्यांनी टाकले तर फुलांचे दिवस वाढतात. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात. तोवर वरची माती वाळू द्यायची नाही आणि धारेने पाणीही घालायचे नाही, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. बारीक छिद्रांची झारी किंवा फवाऱ्याची बाटली वापरा. मुंग्या बी उचलून नेतात आणि चिमण्या कोवळे कोंब टिपतात, म्हणून पहिले पंधरा दिवस वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून ठेवा.

विरळणी, पाणी, कीड

रोपे दोन इंचांची झाली की जास्तीची काढावी लागतात. हे काम बायकांच्या जिवावर येते. जिवंत रोप कसे उपटायचे? पण गर्दीत राहिलेले एकही रोप धड वाढत नाही. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. १२ इंचांच्या कुंडीत तीन, फार तर चार. उपटताना शेजारच्या रोपाचे मूळ हलते, म्हणून कात्रीने मातीलगत कापणे चांगले.

पाणी कमी लागते, ही आपल्याकडच्या घरांना परवडणारी गोष्ट. वरची दोन बोटे माती वाळल्यावरच द्या. वजूचे पाणी साबण नसलेले असते, ते बादलीत धरले तर दोन-चार कुंड्यांचे काम भागते. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या. जास्त पाण्याने लहान रोपे मातीलगत काळी पडून लोळतात. अशी रोपे दिसली की काढून टाका आणि पाणी तोडा.

ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो बराच जातो. नाहीच गेला तर निंबोळी अर्क फवारा. हवेने झाडे लोळू नयेत म्हणून तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या काड्या आधाराला खोचा.

बकरी आणि लहान मूल, दोघांनाही या झाडांपासून दूर ठेवा. बागेतली पॉपी कायद्याने चालते, म्हणून ती खाण्यासारखी आहे असे नाही. हिचे पान, बोंड, बी काहीही तोंडात घालायचे नाही आणि हिच्या बियाला खसखस समजून स्वयंपाकात घ्यायचे नाही.

फूल आणि त्यानंतर

जानेवारीच्या अखेरीपासून कळ्या येतात. कळी आधी मान खाली घालून असते. एका सकाळी ती ताठ होते, वरची दोन हिरवी टरफले गळतात आणि आतून घडी घातलेल्या पाकळ्या बाहेर येतात. मुलांना दाखवण्यासारखे आहे ते हेच. एक फूल एक-दोन दिवसच टिकते, पण एका झाडाला कळ्या येत राहतात. वाळलेले फूल वेळच्या वेळी काढले तर आणखी येतात. कॅलिफोर्निया पॉपी दिवसा उघडते आणि संध्याकाळी मिटते, ढगाळ दिवशीही मिटूनच राहते. फुलदाणीत ठेवायचे तर कळी उघडण्याच्या बेतात असताना पहाटे कापा आणि देठाचे टोक क्षणभर मेणबत्तीवर धरा. चीक वाहणे थांबते आणि फूल जरा जास्त टिकते.

मार्चचे ऊन तापले की झाडे पिवळी पडतात. ती रीतच आहे, पाणी वाढवून उपयोग नाही. शेवटची काही फुले काढू नका. त्यांची बोंडे झाडावरच तपकिरी होऊ द्या. बोंड पिकले की टोपीखाली बारीक खिडक्या उघडतात आणि हलवले की मिठाच्या डबीसारखे बी बाहेर पडते. बोंडे कागदी पिशवीत उलटी झटका, बी दोन दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत घाला. पुडीवर फुलाचे नाव, तारीख आणि 'खाण्याचे नाही' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. ही पुडी स्वयंपाकघरात ठेवायची नाही. खसखशीच्या डब्याशेजारी तर मुळीच नाही.

एक चांगले बोंड शेकडो बी देते. मोहल्ल्यातल्या चार घरांना वाटून उरेल इतके. वाटताना बी देण्याआधी खसखस आणि लाला यांतला फरक तेवढा सांगा.